पंगतीत कोण कुठे बसतं?

पॅरिसच्या सहलीत आम्ही चौघांनी एकच चैन ठरवली होती. चार दिवस ब्रेड आणि चीजवर काढायचे आणि शेवटच्या रात्री एका झोकदार रेस्तराँमध्ये सात कोर्सचं जेवण जेवायचं.

पहिल्यांदा भल्यामोठ्या बशीत बोटभर काहीतरी आलं. मग वीस मिनिटं काहीच नाही. मग चार चमचे सूप. आमचा एक मित्र भुकेने कावला. "सगळं एकदम आणा म्हणावं. आपल्याकडे पान वाढतात तसं!"

गंमत म्हणजे तो अडीचशे वर्षांपूर्वी इथे आला असता, तर त्याच्या मनासारखं झालं असतं. फ्रेंच श्रीमंतांच्या मेजवानीत तेव्हा एकेका फेरीत कितीतरी पदार्थ एकदम टेबलावर मांडत. दिसायला थाट मोठा, पण अन्न गार व्हायचं. शिवाय प्रत्येकाने आपल्या हाताशी येईल तेच खायचं. चांगला पदार्थ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असला, तर नुसता बघायचा.

एकामागून एक गरम पदार्थ प्रत्येकाला वाढायची पद्धत रशियाची. ती पॅरिसला दाखवण्याचं श्रेय रशियन राजदूत कुराकिन यांना देतात. साल साधारण 1810. पुढे रशियन सरदाराकडे काम केलेल्या उर्बां द्युब्वा या शेफने ती रुजवायला हातभार लावला. त्याचं 'ला क्विझिन क्लासिक' हे पुस्तक 1856 सालचं. पदार्थ आता समोर मांडलेले नसत, म्हणून काय येणार हे सांगायला छापील मेन्यूची गरज वाढली. वाढपी जास्त लागू लागले. पण टेबलाच्या कुठल्याही टोकाला बसा, ताटात तेच येऊ लागलं.

हे मी रंगून सांगत होतो. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "आमच्या आजोबांना गावजेवणाला ताट घरून न्यावं लागायचं. बसायची जागा गोठ्यापाशी. वाढणारा वरून टाकायचा."

मी गप्प झालो. माझे आजोबा गावजेवणात आतल्या पंगतीत बसायचे.

आपल्याकडे कुणासोबत खाल्लं, यावर माणसाची जात टिकायची किंवा बुडायची. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता कपाला हात लावला. नावं वर्तमानपत्रात छापून आली, आणि एका कपाचं प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. हा बोभाटा झाला तो मोठ्या माणसांचा. गोठ्यापाशी बसलेल्यांची नावं कुणी छापली नाहीत.

पॅरिसमध्ये 1789 च्या क्रांतीनंतर रेस्तराँ वाढली. तिथे पैसे मोजणाऱ्याला टेबल मिळू लागलं. ही समताही फुकटची नव्हतीच. खिसा रिकामा असणारा आजही दाराबाहेरच राहतो. आमचंही बिल चार दिवसांच्या ब्रेडवर उभं होतं.

शेवटी गोड आलं. चौघांना चार वेगवेगळ्या बशा. मैत्रिणीने माझ्या बशीत सरळ चमचा घातला आणि म्हणाली, "तुझं जास्त चांगलंय."

मी बशी तिच्याकडे सरकवली.