फोमची थडगी आणि माणदेशातील वीरगळ

माणगंगा नदी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात उगम पावते आणि म्हसवडवरून सांगलीच्या आटपाडीकडे जाते. या मुलखात, किंबहुना सबंध दक्षिण महाराष्ट्रात, जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ आढळतात. तळच्या चौकटीत लढाई किंवा पळवून नेली जाणारी गुरे, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी ही मांडणी. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. शेट्टर आणि सोन्थायमर यांनी १९८२ साली स्मृतिशिळांवरील लेखांचा मोठा ग्रंथ संपादित केला. तरीही गावोगावचे असंख्य दगड अजून नोंदीबाहेरच आहेत.

या दगडांची आठवण आम्हांस झाली ती एका अगदी वेगळ्या वस्तूमुळे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी अमेरिकेत लोक घराच्या अंगणात खोटी थडगी उभी करतात. तिथल्या मराठी घरांतील मुलांनाही या खेळाचे आकर्षण असते. २०२४ साली त्याच दिवशी नरकचतुर्दशी आल्याने पणती आणि थडगे एकाच अंगणात यावे असा योग होता.

ही थडगी घरीच करतात. भिंतीत उष्णतारोधक म्हणून वापरायचा फोमचा जाड तक्ता घेऊन तो कमानीच्या आकारात कापायचा, अक्षरे कोरायची, कडा मुद्दाम तोडायच्या, करडा रंग देऊन वर कोरड्या कुंचल्याने फिकट छटा आणि शेवाळाचा हिरवा हात फिरवायचा. वाऱ्याने उडू नये म्हणून मागून काठ्या खोचायच्या. रंग मात्र पाण्यात मिसळणाराच हवा, कारण फवाऱ्याच्या डब्यातील रंगाचे द्रावक फोमला विरघळवून टाकते. माथ्यावर बहुधा पंख असलेली कवटी काढतात. तीही मनःपूत नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकांतील न्यू इंग्लंडच्या पाटीच्या दगडाच्या थडग्यांवर ती खरोखरच कोरलेली आहे.

म्हणजे काल कापलेला फोम शतकांपूर्वीचा दगड दिसावा यासाठी ही सारी खटपट. आमच्याकडे नेमके उलट घडते. शतकांपूर्वीचा दगड कालचा दिसावा म्हणून जीर्णोद्धाराच्या वेळी त्यावर चकचकीत ऑइलपेंट चढवला जातो. शेंदराची गोष्ट वेगळी. शेंदूर लागला म्हणून दगड देव झाला, आणि देव झाला म्हणून कित्येकदा वाचला. ऑइलपेंटचे थर मात्र बारीक कोरीवकाम बुजवतात, दगडातील ओल आत कोंडतात, आणि पुढे पापुद्रे सुटताना दगडाचा पृष्ठभागही सोबत नेऊ शकतात.

फोमच्या थडग्याखाली कोणीही नाही, तरी त्यावर गमतीचे का होईना, एक नाव असते. वीरगळामागे खरा मृत्यू आहे, पण नाव नाही. त्या अनाम माणसाविषयी जे काही कळायचे ते शस्त्राच्या आकारावरून, केशरचनेवरून, गुरांच्या त्या रांगेवरूनच. रेषा बुजल्या की त्याचे दुसऱ्यांदा मरण ओढवते.

कोणता रंग फोमला खातो, हे अंगणात खेळणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. कोणता रंग दगडाला खातो, एवढे आमच्या गावांना कळले तर माथ्यावरच्या चंद्रसूर्यांना अर्थ उरेल.