गळाने मासेमारी

गळाने मासेमारी म्हणजे आमिष लावलेला बाकदार काटा दोरीच्या साहाय्याने पाण्यात सोडून मासा पकडण्याची पद्धत होय. या काट्यास मराठीत गळ, तर कोकणात गरी असे म्हणतात. जाळ्यात एकाच वेळी अनेक मासे सापडतात. गळाने मात्र एकेक मासा पकडला जातो, आणि गळाला लागलेला मासा काठावर येईपर्यंत तो मिळाला असे म्हणता येत नाही. त्यामुळे मासा अडकवणे, खेळवणे आणि काठावर घेणे ही या पद्धतीतील तीन स्वतंत्र कौशल्ये मानली जातात.

== इतिहास ==
कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, दोरी, गळ आणि काठी यांचे वर्णन आढळते. मराठवाड्याचा मोठा भाग त्या काळी चालुक्यांच्या राज्यात होता. यावरून गळाने मासेमारी दख्खनमध्ये केवळ उपजीविकेचे साधन नव्हती, तर राजदरबारी करमणूकही होती, असे दिसते. ब्रिटिश काळात हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात महसीर माशाच्या शिकारीला महत्त्वाचे स्थान आहे.

== पूर्णा व गोदावरी खोऱ्यातील मासे ==
अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पूर्णा नदी परभणी जिल्ह्यातील पूर्णा गावाजवळून वाहत जाऊन पुढे गोदावरीस मिळते. तिच्यावर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर ही धरणे आहेत. गोदावरी खोऱ्यात रोहू, कटला, मृगळ, मरळ आणि वाम हे मासे परिचित आहेत. माशाच्या तोंडाच्या रचनेवर गळ कसा रोवावा हे अवलंबून असते.

* रोहू व मृगळ : तोंड खालच्या बाजूस वळलेले व ओठ मऊ असतात. जोराच्या हिसक्याने ओठ फाटून मासा सुटतो.
* कटला : तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो, म्हणून आमिष तळाशी ठेवून फारसा उपयोग होत नाही.
* मरळ : जबडा हाडाळ व दात तीक्ष्ण असतात. गळ रुतण्यासाठी दमदार हिसका द्यावा लागतो. तो पाणवनस्पतींत शिरू नये म्हणून त्याला लगेच मोकळ्या पाण्यात ओढावे लागते.

== सॅल्मन, रावस व महसीर ==
सॅल्मन हा थंड प्रदेशातील मासा असून तो समुद्रातून नदीत अंडी घालण्यासाठी येतो. भारतीय नद्यांत तो नैसर्गिकरीत्या आढळत नाही. बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस वेगळ्या कुळातील सागरी मासा आहे.

झुंजीच्या दृष्टीने सॅल्मनशी तुलना होऊ शकेल असा महाराष्ट्रातील मासा म्हणजे महसीर. दख्खनी महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये केले. त्याचे जातिनाम ‘खुद्री’ हे स्थानिक नावावरून घेतलेले आहे. गळ लागताच महसीर प्रवाहात लांबवर मुसंडी मारतो आणि खडकांच्या कपारीकडे धाव घेतो. त्यामुळे दोरी खडकावर घासून तुटण्याचा धोका असतो.

== मासा अडकवणे ==
गळाचे टोक धारदार असणे ही पहिली अट होय. टोक नखावर हलकेच टेकवले असता ते घसरले, तर गळ बोथट झाला आहे असे समजावे. तंगूस म्हणजेच नायलॉनची दोरी गाठीपाशी सर्वांत कमकुवत असते. गाठ ओली करून आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने दोरी दुबळी होत नाही.

हिसका केव्हा द्यावा हे मासा आमिष कसे घेतो यावर ठरते. आमिष चाखणाऱ्या माशाला घाई केल्यास गळ तोंडातून निसटतो, तर फार थांबल्यास तो मासा गळ गिळतो. अटलांटिक सॅल्मन माशी-गळ घेऊन वळल्यानंतरच दोरी ताणावी, असा संकेत आहे. मासा वळला की गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो व तेथील पकड सर्वांत भक्कम असते. वर्तुळाकार गळास मात्र हिसका देऊ नये. दोरी सावकाश ताणली की तो आपोआप रुततो.

== मासा खेळवणे ==
या टप्प्यावर मासा सुटण्याची प्रमुख कारणे दोन आहेत : दोरी सैल पडणे आणि दोरीवर अतिरिक्त ताण येणे. पतंगाच्या खेळाप्रमाणे येथेही ढील आणि ओढ यांचा मेळ साधावा लागतो.

* काठी वाकलेली ठेवावी. माशाचे धक्के काठीचा बाक सोसतो आणि दोरी वाचते.
* रिळाची घर्षणयंत्रणा दोरीच्या ताकदीच्या सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश ताणावर सुटेल अशी लावावी.
* मासा धावत असताना रीळ फिरवू नये. तो थांबल्यावर काठी वर घ्यावी आणि ती खाली आणताना दोरी गुंडाळावी.
* माशाने पाण्याबाहेर उडी घेतल्यास काठीचे टोक क्षणभर खाली करावे, म्हणजे ताठ दोरीवर त्याचे वजन आदळत नाही.
* समोरून ओढण्याऐवजी बाजूने ओढ दिल्यास माशाचा तोल जातो व तो लवकर थकतो.

== काठावर घेणे ==
अनेक मासे काठाशी आल्यावर सुटतात. तेथे दोरी आखूड झालेली असते, त्यामुळे तिची लवचीकता कमी होते. आणि माणूस किंवा जाळे दिसताच मासा पुन्हा उसळी घेतो. म्हणून या वेळी घर्षणयंत्रणा थोडी सैल करणे हितावह असते. हातजाळे आधीच पाण्यात स्थिर धरून मासा डोक्याच्या बाजूने त्यात आणावा. जाळ्याने माशाचा पाठलाग केल्यास किंवा शेपटीकडून जाळे लावल्यास तो पुढे झेप घेतो. दोरी हाताने धरून मासा उचलणे टाळावे.

== मासा परत सोडणे व संवर्धन ==
छंद म्हणून पकडलेला मासा पुष्कळदा जिवंत सोडला जातो. त्यासाठी झुंज लांबवू नये, कारण अतिश्रमाने मासा पोहून गेल्यावरही मरू शकतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने उन्हाळ्यात हा धोका वाढतो. मासा ओल्या हातांनी धरावा; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो. गळ खोल गेला असल्यास तो उपटण्याऐवजी दोरी कापावी. उलट काटा नसलेला गळ काढण्यास सोपा असतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सॅल्मनच्या समुद्रातील छंद-मासेमारीसाठी असे गळ बंधनकारक आहेत.

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात महसीराचे कृत्रिम प्रजनन केले जाते. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड येथे देवीचे मासे म्हणून ग्रामस्थ महसीराचे रक्षण करतात. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ नुसार स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे गुन्हा आहे. राज्यातील अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असल्याने तेथे गळ टाकण्यापूर्वी परवानगी घेणे आवश्यक ठरते.

== हे सुद्धा पहा ==
* महसीर
* रावस
* पूर्णा नदी
* मानसोल्लास