परळमध्ये एंडोमेट्रिऑसिसच्या बायोमार्करचा शोध

एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर रुजतात आणि पाळीच्या चक्राबरोबर तिथे दाह होत राहतो. बीजकोशात जुने रक्त साठून झालेल्या गाठीला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये याचे कारण मांडले: पाळीचे थोडे रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात उतरते. पण असे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात उतरते आणि आजार मात्र साधारण दहांतल्या एकीलाच होतो. मग त्या एकीच्या शरीरात वेगळे काय असते? आजाराची खूण (बायोमार्कर) ठरतील अशा प्रथिनांचा शोध सुरू झाला तो या प्रश्नातून, आणि निदानाच्या अडचणीतूनही. खात्रीसाठी पोटात दुर्बीण घालावी लागे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ पासून पोटाची दुर्बिणीने तपासणी सुरू केली. तरी नुसत्या पाळीच्या दुखण्यासाठी भूल घेऊन पोटाला छेद देण्याची तयारी कोणत्या घराची असणार?

पहिले प्रथिन कर्करोगाकडून उसने मिळाले. १९८१ मध्ये बोस्टनमध्ये रॉबर्ट बॅस्ट आणि सहकाऱ्यांनी बीजकोशाच्या कर्करोगपेशी उंदराला टोचून एक प्रतिपिंड मिळवले. ते ज्या प्रथिनाला चिकटते ते सीए-१२५. काही वर्षांतच ते एंडोमेट्रिऑसिसमध्येही वाढलेले आढळले. पण ते पाळीत वाढते, गरोदरपणात वाढते, फायब्रॉइडमध्ये वाढते आणि पोटाच्या क्षयातही वाढते. क्षयाचे रुग्ण इतके असलेल्या मुंबई परिसरात ही शेवटची गोष्ट किरकोळ नव्हे. उलट आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर आकडा ३५ युनिट प्रति मिलिलिटरच्या मर्यादेआतच राहू शकतो.

मुंबईतही कर्करोग आणि प्रजनन या दोन संशोधनांचे घर एकच होते: परळ. १९५२ मध्ये तिथे वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. १९५४ मध्ये गर्भनिरोधकांच्या चाचण्यांसाठी एक केंद्र निघाले आणि त्यातूनच पुढे आजची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था घडली. कर्करोग केंद्राची पुढे झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये नवी मुंबईत, खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’ या कर्करोग केंद्राच्या आवारात गेली. तिथे सुरेखा झिंगडे यांच्यासारख्या संशोधकांनी रक्ताच्या आणि तोंडाच्या कर्करोगांतली प्रथिने तपासली. प्रजनन संस्था परळलाच राहिली आणि एंडोमेट्रिऑसिसचे काम तिने केले.

त्या कामात प्रश्न उलट बाजूने विचारला गेला. रक्तात कोणते प्रथिन वाढले, हे शोधण्याऐवजी रुग्णाचे शरीर स्वतःच्या कोणत्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, ते पाहायचे. गर्भाशयाच्या अस्तरातली प्रथिने जेलवर आधी विद्युतभाराप्रमाणे, मग वजनाप्रमाणे वेगळी केली जातात, पातळ पडद्यावर उतरवली जातात आणि त्यावर रुग्णाचा सीरम सोडला जातो. प्रतिपिंडे चिकटतात तिथे ठिपका उमटतो. जेलमधला तोच ठिपका कापून काढायचा, एन्झाइमने त्याचे तुकडे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर तुकड्यांच्या वस्तुमानावरून प्रथिन ओळखायचे. राहुल गजभिये, वृंदा खोले आणि सहकाऱ्यांना अशा प्रकारे ट्रोपोमोड्युलिन-३, ट्रोपोमायोसिन-३ आणि स्टोमॅटिन-लाइक प्रोटीन-२ ही तीन नावे मिळाली.  २०१२ मध्ये त्यांनी या प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांवर आधारलेली रक्तचाचणी मांडली आणि सुरुवातीच्या टप्प्यात ती सीए-१२५ पेक्षा सरस असल्याचा दावा केला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा सहभाग असलेल्या २०१५ च्या अभ्यासात हॅप्टोग्लोबिनसारखी प्रथिने पुढे आली. मात्र हॅप्टोग्लोबिन कोणत्याही दाहात बदलते.

खरी अडचण तुलनेत आहे. आजार नाही याची खात्रीही दुर्बिणीनेच होते. म्हणून निरोगी गटात अनेकदा नसबंदीसाठी आलेल्या, मुले झालेल्या स्त्रिया घेतल्या जातात. रुग्णगटात मात्र मूल न होणाऱ्या स्त्रिया बऱ्याच असतात. मग दिसलेला फरक आजाराचा की वंध्यत्वाचा? चक्राच्या कोणत्या दिवशी रक्त घेतले आणि ते किती वेळात गोठवले, यानेही निकाल हलतो. २०१४ मध्ये जगभरासाठी नमुने गोळा करण्याचे समान नियम ठरले, ते यासाठीच. इतक्या प्राथमिक गोष्टीला एवढा उशीर झाला, हे या क्षेत्राचे दुर्लक्षित स्थानच दाखवते.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात १४१ अभ्यास तपासले गेले आणि रोजच्या वापरायोग्य एकही रक्तचाचणी सापडली नाही. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही निदानासाठी बायोमार्कर वापरू नयेत असे सांगितले. सोबतच दुर्बिणीची सक्ती सैल करून लक्षणे, सोनोग्राफी आणि एमआरआय यांना पुढे आणले. त्यामुळे सीए-१२५ चा आकडा मर्यादेत आला म्हणून एंडोमेट्रिऑसिस नाही असे ठरत नाही आणि वाढला म्हणून तो आहेच असेही नाही.