पिग्मीची पावती: कार्डापासून ब्लूटूथपर्यंत

दिवसभराचा गल्ला मोजायला घ्यावा आणि पिग्मीवाला दारात उभा राहावा, हा नाशिकच्या जुन्या पेठांचा रोजचा परिपाठ आहे. मेनरोड, दहीपूल, भांडीबाजार, सराफबाजार, रविवार कारंजा, नदीपलीकडे पंचवटी, तिकडे नाशिकरोड. दुकानदार शंभराची नोट काढून देतो, पिग्मीवाला फोनवर आकडा टाकतो आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या लहानशा प्रिंटरमधून करकरत कागदाची पट्टी बाहेर येते. अर्ध्या मिनिटाचा व्यवहार. पण एखाद्या संध्याकाळी ती पट्टी येतच नाही. फोन म्हणतो, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटरचा निळा दिवा तर लुकलुकत असतो. मागे गिऱ्हाईक ताटकळलेले, आणि दुकानदार विचारतो, "भाऊ, पावतीचं काय?"

हा प्रश्न ब्लूटूथपेक्षा खूप जुना आहे.

पिग्मी जन्मली कर्नाटकाच्या किनाऱ्यावर. उडुपीत १९२५ साली उपेंद्र अनंत पै हे व्यापारी, वामन कुडवा हे इंजिनीअर आणि डॉ. टी. एम. ए. पै हे डॉक्टर अशा तिघांनी मिळून आठ हजार रुपयांच्या भांडवलावर कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट ही संस्था काढली. पुढे तिचेच नाव सिंडिकेट बँक झाले. हातमागाच्या धंद्याला तेव्हा वाईट दिवस आले होते आणि विणकरांना हात देणे हा संस्थेचा पहिला हेतू होता. विणकरासारख्या माणसाकडे महिन्याकाठी बँकेत नेण्याइतकी रक्कम कधीच साठत नाही, पण रोज दोन आणे तो बाजूला टाकू शकतो, हे या तिघांनी ओळखले. बँकेत येणे त्याला जमत नसेल, तर बँकेने त्याच्या दारी जायचे. १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू झाली आणि रोज घरोघर, दुकानोदुकानी फिरणारा एजंट हा एक नवाच पेशा देशात उभा राहिला.

महाराष्ट्रात हा पेशा रुजला तो सहकाराच्या जमिनीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, अमलात आला २६ जानेवारी १९६२ ला. नाशिकच्या व्यापाऱ्यांनी तर त्याआधीच, १९५९ मध्ये, आपली नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे सर्वांची 'नामको', उभी केली होती. पुढच्या दशकांत नागरी बँका वाढल्या, त्यांच्या पाठोपाठ गल्लोगल्ली पतसंस्था आल्या. मोठ्या बँकेच्या काउंटरवर ज्याला कुणी बसा म्हणत नव्हते, तो भाजीवाला, चांभार, पानटपरीवाला पतसंस्थेचा खातेदार झाला, कारण संस्थेचा माणूस त्याच्या गाडीपर्यंत चालत येत होता. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एका दिवसाची कमाई घेऊन बसणाऱ्या बाईला बचतीची ही एवढी एकच रीत परवडणारी होती. वर्षअखेरी साठलेल्या रकमेतून दुकानाचे भाडे, पोरांची फी, दिवाळीचा माल निघायचा. शिवाय पिग्मी नियमित भरणाऱ्याला कर्जही लवकर मिळे. त्याच्या रोजच्या भरण्यावरून त्याची ऐपत संस्थेला कळलेली असे.

या सगळ्या डोलाऱ्याखाली एकच खांब होता: पैसे दिल्याची जागच्या जागी मिळणारी खूण. एजंट बँकेचा पगारी नोकर नसतो. गोळा केलेल्या रकमेवर त्याला टक्केवारीने कमिशन मिळते. त्याचा बँकेशी नेमका संबंध काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इंडियन बँक्स असोसिएशन विरुद्ध सिंडिकेट बँकेचे कामगार या खटल्यात न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये ठेव गोळा करणारे हे 'कामगार' ठरतात असा निर्णय दिला. बँकेच्या कायम कर्मचाऱ्यांइतकी वेतनश्रेणी मात्र त्यांना मिळाली नाही. म्हणजे संध्याकाळभर हजारो रुपये खिशात घेऊन फिरणारा हा माणूस आजही धड नोकर नाही आणि धड दलालही नाही. त्याच्या हातून पैसे संस्थेत पोहोचले की नाही, हे खातेदाराला त्या क्षणी दिसत नाही. त्याला दिसते फक्त पावती.

सुरुवातीला ही पावती म्हणजे जाड पुठ्ठ्याचे कार्ड होते. तारीख, रक्कम, सही, इतकेच रकाने. कार्ड गल्ल्यातच पडलेले असे, एजंट यायचा, रकमेपुढे सही ठोकायचा आणि पुढच्या दुकानाकडे वळायचा. काही संस्थांनी कार्बन लावलेली पावतीपुस्तके दिली. रात्री शाखेत बसून एजंट दोन-अडीचशे नावांची यादी हाताने उतरवायचा, कारकून ती खात्यांवर चढवायचा. चुका होत: एका देशपांड्यांची रक्कम दुसऱ्या देशपांड्यांच्या खात्यावर जाई, शंभराचे दहा होत. अफरातफरही याच फटीतून होई. कार्डावर सही असे, पण संस्थेच्या यादीत रक्कम नसे, आणि सहा महिन्यांनी पैसे काढायला गेलेल्या खातेदाराला ते कळे.

मग आले 'पिग्मी मशीन'. ठोकळ्यासारखे, आकड्यांची बटणे, वर दोन-चार ओळींचा करडा पडदा, पोटात कागदाचा रोल. सकाळी ते शाखेतल्या संगणकाला केबलने जोडायचे. खातेदारांची नावे आणि शिल्लक मशीनमध्ये भरली जायची. दिवसभर वसुली, आणि संध्याकाळी पुन्हा केबल लावून सगळ्या नोंदी संगणकात उतरवायच्या. हाताने यादी लिहिणे संपले आणि पावतीवर शिल्लकही छापून येऊ लागली, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. या ठोकळ्याचा एक गुण आज फार आठवतो. संगणक, बटणे आणि प्रिंटर सगळे एकाच डब्यात, तारेने बांधलेले. त्यांच्यात भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता. बिघडले तर सगळेच बिघडायचे आणि दुरुस्तीला जायचे.

स्मार्टफोन स्वस्त झाले तसा हा डबा फुटला. हिशेब फोनमध्ये गेला, छपाई वेगळ्या प्रिंटरमध्ये, आणि दोघांमधली तार निघून गेली. ती तार काढण्याचे काम १९९४ पासून स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत सुरू होते. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन ब्लूटूथचा गट स्थापन केला. भारतात जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. तोच पट्टा वायफायचाही. सराफबाजारासारख्या अरुंद गल्लीत आज दर दुकानात वायफायचा राउटर असतो, त्याच्याच जोरावर चालणारे कॅमेरे असतात आणि प्रत्येकाच्या कानात इअरबड्स. या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते. २००३ नंतरच्या आवृत्त्यांना तर ज्या वाहिन्यांवर गोंगाट आहे त्या टाळून उडी मारता येते. त्यामुळे नुसत्या गर्दीने पावती अडली असे सहसा होत नाही. अडचण जवळच्याच उपकरणांत असते.

सर्वांत जास्त छळणारी अडचण नावांची आहे. बाजारात मिळणारे दोन इंची प्रिंटर कारखान्यातून एकाच नावाने बाहेर पडतात आणि जोडणीचा आकडा बहुधा ०००० किंवा १२३४. एका संस्थेने दहा प्रिंटर एकदम घेतले तर दहाही जण एकाच नावाचे. संध्याकाळी हिशेब द्यायला सगळे एजंट शाखेत जमले की एकाच्या फोनवरची पावती दुसऱ्याच्या कमरेवर छापली जाते. असा प्रिंटर एका वेळी एकाच फोनशी बोलतो. ज्याने आधी पकडला त्याचा तो. दुसऱ्याच्या फोनला मग 'जोडता आले नाही' एवढेच उत्तर मिळते आणि तो बिचारा प्रिंटर बिघडला म्हणून दुकानात घेऊन जातो. यावरचा उपाय सोपा आहे. प्रिंटर बंद करायचा, कागद सरकवण्याचे बटण दाबून धरून तो चालू करायचा. तपासणीची एक चिठ्ठी छापून येते. बहुतेक प्रिंटरांत तिच्यावर त्या यंत्राचा स्वतःचा बारा अक्षर-आकड्यांचा पत्ता असतो. नाव दहा जणांचे एक असले तरी पत्ता प्रत्येकाचा निराळा. फोनमधल्या जुन्या जोडण्या विसरायला लावायच्या, आजूबाजूचे बाकी प्रिंटर बंद ठेवायचे आणि पत्ता जुळवून एकच जोडायचा. पुष्कळ प्रिंटरांचे नाव आणि आकडा विक्रेत्याकडच्या प्रणालीतून बदलताही येतो. एवढे केले की अर्ध्याहून अधिक तक्रारी मिटाव्यात.

दुसरे भांडण कानातल्या यंत्राशी. एजंट चालता चालता फोनवर बोलत असतो: "शेठ, पाच मिनिटांत आलो." बोलण्याचा आवाज तुटू नये म्हणून ब्लूटूथ वेळेचे ठरावीक तुकडे त्यासाठी आधीच राखून ठेवते. उरलेल्यात पावतीने जायचे. त्यात आपली पावती मराठीत. या स्वस्त प्रिंटरांत देवनागरी अक्षरे भरलेली नसतात, म्हणून फोन अख्ख्या पावतीचे चित्र करून पाठवतो, आणि चित्राचा बोजा इंग्रजी अक्षरांच्या कितीतरी पट असतो. परिणाम असा की नाव छापून येते, रक्कम येते आणि शिल्लक छापायच्या आत प्रिंटर थांबतो. अर्धी पावती पाहून एजंट पुन्हा बटण दाबतो, आणि ॲप नीट लिहिलेले नसेल तर छपाईऐवजी नोंदच दुसऱ्यांदा होते. हा तांत्रिक बिघाड थेट हिशेबात घुसतो. काही संस्थांनी या त्रासाला कंटाळून पावती इंग्रजीत केली. ती सोय समजण्यासारखी असली तरी चूकच. ज्या खातेदारासाठी पावती आहे त्याला ती वाचता आली पाहिजे. बोलणे संपवून मग छापावे, हाच योग्य मार्ग.

खातेक्रमांक वाचायला कुणी बारकोड स्कॅनर घेतला तर निराळीच गंमत होते. असा स्कॅनर फोनला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून सांगतो. फोनला वाटते, खरा कीबोर्ड आला. तो पडद्यावरचा कीबोर्ड लपवतो. रक्कम टाकायची कशी? सेटिंगमध्ये बाहेरचा कीबोर्ड असतानाही पडद्यावरचा दाखवा असा पर्याय असतो, तो चालू केला की काम झाले. आणि फोन अद्ययावत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रिंटर गायब झाला, तर दोष परवानगीचा असण्याची शक्यता मोठी. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आसपासची ब्लूटूथ यंत्रे शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागू लागली. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने त्यासाठी 'जवळची उपकरणे' अशी स्वतंत्र परवानगी काढली. ती नाकारली गेली असेल तर प्रिंटर शेजारी असूनही ॲपला दिसत नाही.

या धंद्याने मोठे धक्के पाहिले आहेत. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत रोजची वसुलीच थिजली आणि आठवड्याभरात जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाल्यावर, त्यांच्याकडे खाती असलेल्या पतसंस्था कोंडीत सापडल्या. त्याच वर्षी युपीआय आले. आता कित्येक दुकानदार पिग्मीचे पैसेही फोनवरून पाठवतात. २०२० च्या टाळेबंदीत शटरच बंद, तर पिग्मी कुठली. तरीही एजंट टिकला. त्याला दुकानदाराच्या घरचे माहीत असते, कुणाचा धंदा बसला आहे, कुणाला कर्जाची गरज आहे हे त्याला आधी कळते, आणि ही ओळख कुठल्या ॲपमध्ये नाही.

म्हणूनच पावतीचा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. उत्तर महाराष्ट्राने पतसंस्था बुडताना पाहिल्या आहेत आणि त्या वेळी हातगाडीवाल्यांच्या हाती पुरावा म्हणून उरली ती पासबुके आणि पावत्याच. त्यात ही थर्मल कागदाची छपाई उन्हाने, उष्णतेने काही महिन्यांत पुसट होते. खातेदाराने पावतीचा फोटो काढून ठेवावा आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यावे. पट्टी आली नाही तर एजंटाला कागदावर रक्कम, तारीख आणि सही मागावी. त्यात त्याचा अपमान नाही, त्याचेही संरक्षण आहे.

आणि संचालक मंडळांना एक विनंती. प्रिंटर खरेदीचा ठराव करता, तेव्हा त्याच ठरावात प्रत्येक प्रिंटरला एजंटाच्या क्रमांकाचे नाव द्यायचे आणि एजंटांना दोन तास बसवून जोडणी शिकवायची, एवढी ओळ घाला. जुने पावतीपुस्तकही प्रत्येकाच्या पिशवीत राहू द्या.