दिवाणखान्याखालची कबर

इंग्रजी गॉथिक कादंबरी मराठीत आणताना मी दर वेळी एकाच खोलीत अडकते. जाड भिंती, काळवंडलेलं लाकूड, विझत आलेली शेकोटी. तिला ‘दिवाणखाना’ म्हटलं की पानावर झुंबरं लागतात. ‘बैठकीची खोली’ म्हटलं की चहा येतो. भीती काही येत नाही.

अडचण शब्दाची नव्हती, हे लखनौत ला मार्टिनिअरची इमारत पाहिल्यावर कळलं.

क्लॉड मार्टिन १७३५ साली फ्रान्समधल्या लियाँत जन्मला, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरला आणि १७७६पासून अवधच्या नवाबाचं शस्त्रागार सांभाळत गडगंज झाला. गोमतीकाठी त्याने ‘कॉन्स्टँशिया’ हे घर बांधायला काढलं. वर दिवाणखाने, छतांवर नाजूक नक्षी, गच्चीवर सिंहांचे पुतळे, खाली तळघरं. १३ सप्टेंबर १८०० रोजी तो वारला, तेव्हा बांधकाम अपुरंच होतं. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला तळघरातच पुरलं. कबर असलेल्या वास्तूवर नवाब हात टाकणार नाही, असा त्याचा हिशेब होता, असं सांगतात. मेलेल्या मालकाला घराच्या पहाऱ्यावर बसवलं, म्हणायचं. मृत्युपत्रानुसार १८४५ साली तिथे शाळा सुरू झाली. १८५७च्या धामधुमीत कबर फोडली गेली. घर शाळेकडेच राहिलं.

गॉथिकची सुरुवात ज्या कादंबरीपासून मानतात, ती होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ची. त्या किल्ल्यातल्या साऱ्या अद्भुताच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तिथे राहणारा खरा वारस नाही. आपल्याकडे याच काळात, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची हाक अजून ऐकू येते म्हणतात. ती हाक काकाला आहे, हे विसरून चालणार नाही. तिथलं भूतसुद्धा भाऊबंदकीचंच.

म्हणजे खोली उदास होते ती अंधाराने नव्हे. हे घर कुणाचं, हा प्रश्न मिटलेला नसतो म्हणून. वाटणीचा दावा चालू असलेल्या वाड्याच्या ओसरीवर जो बसला आहे, त्याला हे सांगायला नको.

आता मी त्या खोलीला बेधडक दिवाणखाना म्हणते. काळोखाची विशेषणं थोडी कमी करते आणि ‘वारस’, ‘हक्क’, ‘कब्जा’ हे शब्द नेमके बसलेत का, ते आधी तपासते. झुंबरं लागली तर लागू देत. खाली तळघर आहे, एवढं वाचकाला कळलं की पुरे.