देवणीची वायर कुठपर्यंत आली?

उदगीरची १७६० ची लढाई आपण मागे ऐकली असेलच. आज तिथून जवळच, देवणीला जाऊ. विषय आहे इंटरनेट. आता तुम्ही म्हणाल, ह्यात कसला आलाय इतिहास? आहे, आणि तो सगळा अंतराचा आहे.

आधी जरा मागे जाऊ. देवणीचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्हा बिदर. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा उदगीर तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, आणि पुढं देवणी स्वतःच तालुका झाला. म्हणजे बघा, माणूस जागेवरच राहिला आणि कचेरी सरकत गेली. पण कागद काढायचा तर एसटी धरायची, रांगेत उभं राहायचं, साहेब नसले तर परत यायचं. एक दिवसाची मजुरी बुडाली, ती वेगळीच.

फोनचंही तेच. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून वाट बघत बसायचं. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिनं खेड्यांसाठी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज बनवलं, धूळ आणि ऊन सोसणारं, एसीशिवाय चालणारं. १९८६ ला पहिलं बसलं कर्नाटकात, कित्तूरला. त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी पिवळे एसटीडी बूथ दिसू लागले.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण मोठ्या शहरांत. साध्या फोनच्या तारेवरून, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आज मोबाईलमधला एक फोटो साधारण ५ एमबीचा धरा. तेवढा यायला त्या वेगानं सव्वा तासाच्या आसपास लागले असते! आणि तेवढ्यात घरात कुणी फोन उचलला, की संपलं.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड असं ठरवलं. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. तोच फोटो आता अडीच मिनिटांत. पण इथं एक मेख होती. ही सेवा तांब्याच्या तारेवर चालायची, आणि एक्स्चेंजपासून जेवढं लांब जाल तेवढा वेग पडत जायचा. चार-पाच किलोमीटरच्या पुढं जवळपास काहीच उरायचं नाही. म्हणजे बाजारपेठेतल्या दुकानाला नेट मिळणार, आणि शेतातल्या वस्तीला, तांड्याला मिळणार नाही.

काच आली ती यानंतर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश जातो, त्याला असल्या अंतरानं फरक पडत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. तीच पुढं भारतनेट. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रानं काम स्वतःकडं घेतलं, त्याला नाव मिळालं महानेट. पण योजनेचे शब्द नीट ऐका. 'ग्रामपंचायतीपर्यंत.' घरापर्यंत नाही. पंचायतीच्या भिंतीवर डबा लागला म्हणून शेजारच्या पोरीचा परीक्षेचा फॉर्म भरला जात नाही.

हे शेवटचं अंतर बऱ्याच ठिकाणी कुणी तोडलं? केबलवाल्यानं. ज्यानं नव्वदीत गच्चीगच्चीवरून टीव्हीची केबल ओढली होती, त्याच्याकडं खांब होते, शिडी होती, कुठल्या गल्लीत कोण राहतं हे पाठ होतं. २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला, तरी दुकान, बँक मित्र, ऑनलाइन सेवा केंद्र यांना दिवसभर न तुटणारी लाइन लागते. त्यामुळं कंपन्यांनी स्थानिक केबलवाल्यांनाच जोडीला घेतलं.

देवणीला याचा उपयोग काय? देवणी गाय घ्या. वानेरा, शेवरा, बालंक्या हे तिचे प्रकार अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून ओळखतात. पूर्वी गिऱ्हाईक बाजारात येऊनच जनावर बघायचं. आता गोठ्यातून व्हिडिओ पाठवता येतो, आणि लांबचा माणूस आधी जनावर बघून मग निघतो. सौदा अजून दात बघून, दूध काढूनच होतो, पण फुकटची फेरी वाचते.

उलट बाजूही आहे. सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, सगळं नेटवर गेलं. ज्या दिवशी खोदकामात वायर तुटते, त्या दिवशी कचेरी पुन्हा लांब जाते. २०२० मध्ये शाळा मोबाईलवर आली, तेव्हा रेंजसाठी झाडावर, टेकडीवर चढणारी पोरं आपण पाहिलीच.

म्हणून पुढच्या वेळी कुणी सांगितलं की गावात फायबर आलं, तर एवढंच विचारा: कुठपर्यंत? खांबापर्यंत, पंचायतीपर्यंत, का उंबऱ्यापर्यंत?

तुमच्या घरात पहिलं नेट कधी आणि कसं आलं, आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.