खर्जाचे ऋण : बेस गिटार आणि हौशी वादक

संस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे हाताशी तीनच साधने असतात : जुनी छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका आणि हिशेबाच्या वह्या. आपल्या मंडळाच्या वाद्यवृंदाची हकीगत लिहिण्याचे काम संपादक मंडळाने आम्हां काही जुन्या वादकांवर सोपविले, तेव्हा आम्ही ही तिन्ही साधने चाळली. पत्रिकांवर गायक-गायिकांची नावे ठळक टाइपात आहेत, निवेदकाचे आहे, हार्मोनिअम व तबला वाजविणाऱ्यांचीही आहेत. त्याखाली ‘आणि साथीदार’ असे दोन शब्द आहेत. छायाचित्रांत उजव्या कडेने एका गिटारीची लांब मान आत आलेली दिसते, तिच्यावर एक हात दिसतो. पण त्या हाताच्या धन्याचा चेहरा चौकटीबाहेर राहिला आहे. ती गिटार म्हणजे बेस गिटार. ‘साथीदार’ ह्या शब्दात कोण कोण मावले होते, ह्याचा शोध घेताना आम्हांस त्या वाद्याच्याच इतिहासाकडे वळावे लागले. तो इतिहास जमशेदपूरपासून फार दूर सुरू होतो. पण त्याची रीत मात्र आपल्याकडल्यासारखीच आहे, असे आमच्या ध्यानात आले.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही, अशा वाचकांसाठी प्रथम दोन शब्द. नेहमीच्या गिटारीस सहा तारा असतात, बेस गिटारीस बहुधा चार. त्या जाड असतात आणि गिटारीच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली मिळविलेल्या असतात. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपल्या संगीतातील उपमा द्यावयाची तर तंबोऱ्याच्या खर्जाची तार आणि तबल्याचा डग्गा ह्या दोहोंचे काम हे एकच वाद्य करते. मात्र तंबोरा एकाच षड्जावर स्थिर असतो. बेसला गाण्यातील स्वरसंघात बदलेल तसा आपला आधारस्वर बदलावा लागतो, आणि तोही ड्रमच्या ठोक्याशी नेमका जुळवून. तो स्वर चुकला तर वरचा गायक सुरात असूनही बेसूर वाटतो. बरोबर पडला तर कोणाचे लक्षही जात नाही. ह्या वाद्याचे सारे भाग्य आणि दुर्भाग्य ह्या एका गोष्टीत सामावलेले आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्य नृत्यसंगीतात हे काम डबल बेस करीत असे. माणसाहून उंच, उभे धरून वाजवावयाचे, प्रवासात नकोसे होणारे आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात ऐकू न येणारे असे ते वाद्य होते. गिटारीस विजेचा आवाज मिळाल्यावर तर त्याची अवस्था अधिकच केविलवाणी झाली. १९३०-४० च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल शहरी पॉल टटमार्क ह्यांनी आडवे धरून वाजविण्याजोगे विजेचे बेस वाद्य बनविले, परंतु ते फारसे पसरले नाही. ते यश १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर ह्यांस लाभले. नवलाची गोष्ट अशी की, फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. त्यांनी भरीव लाकडाचे अंग घेतले, त्यावर तारांखाली चुंबक व तारेची वेटोळी बसविली आणि मानेवर गिटारीप्रमाणे पडदे ठोकले. डबल बेसला पडदे नसतात, त्यामुळे स्वर अंदाजाने शोधावा लागतो. येथे बोट पडद्यामागे ठेवले की स्वर नेमका. म्हणून त्यांनी त्या वाद्यास ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, हे नाव दिले. घोडीपासून मानेच्या टोकापर्यंतची त्याच्या तारेची ३४ इंचांची लांबी आजही बहुतेक बेस गिटारींस प्रमाण मानली जाते.

ह्या पडद्यांनी जे केले त्याचा सामाजिक अर्थ मोठा आहे. डबल बेस हे वर्षानुवर्षे शिकावयाचे वाद्य. बेस गिटार मात्र चार संध्याकाळी शिकून रंगमंचावर उभे राहण्याजोगे वाद्य ठरले. उत्तम वाजविणे अर्थातच तितकेच अवघड राहिले, पण दार हौशी माणसासाठी उघडले.

ते दार किती अनपेक्षितपणे उघडत असे ह्याचे उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. १९५६ च्या सुमारास तेथील तरुणांत ‘स्किफल’ नावाच्या साध्या गाण्यांचे वेड पसरले. पैसे नसलेल्या त्या पोरांनी चहाचे रिकामे लाकडी खोके पालथे घातले, त्याला झाडूचा दांडा लावला, दांड्यापासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणली, आणि झाला बेस! ज्या खोक्यांतून हा खर्ज निघाला त्यांतून पुष्कळदा आपल्या आसामचा नाही तर सिलोनचा चहा गेलेला असे, ही गंमत येथे नमूद करावीशी वाटते. लिव्हरपूलच्या अशाच एका हौशी टोळीतून पुढे बीटल्स निघाले. त्यांचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ साली चित्रकलेसाठी हॅम्बुर्गला राहून गेला, तेव्हा त्याची जागा घेण्यास कोणीच उत्सुक नव्हते. अखेर ती पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडली आणि त्याने व्हायोलिनच्या आकाराचा जर्मन हॉफनर बेस विकत घेतला. अमेरिकेत कॅरल के ह्या गिटारवादक बाईंची कथा अशीच आहे. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणास बेसवादक आला नाही, म्हणून त्या बसल्या, आणि पुढे शेकडो गाण्यांचा खर्ज त्यांच्या हातून घडला.  बेसवादक हा बहुधा ठरवून होत नाही, तो जागा रिकामी राहिली म्हणून होतो, असे ह्या दोन्ही कथांवरून म्हणावेसे वाटते.

परंतु ह्या इतिहासाचे खरे मर्म डेट्रॉइट शहरी सापडते. तेथील मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात जेम्स जेमर्सन नावाचा वादक उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने बेस वाजवीत असे. साठीच्या दशकात जगभर गाजलेल्या कितीतरी गाण्यांचा पाया त्याने घातला. लोक ती गाणी गुणगुणत, त्यावर नाचत. पण तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची चाल तेथे नव्हती. १९७१ साली मार्व्हिन गे ह्याच्या संग्रहावर वादकांचा नामनिर्देश झाला, तेव्हा कोठे जेमर्सनचे नाव छापून आले. १९८३ साली तो मरण पावला, आणि रॉक संगीताच्या सन्मानमंदिरात त्यास स्थान मिळाले ते २००० साली. म्हणजे साथीदारांना आठवण्याची बुद्धी तेथेही उशिराच झाली.

आपल्या देशाकडे वळावे तर चित्र निराळे नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील ख्रिस्ती देवळांना जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलेखन व वाद्ये शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेले गोवेकर वादक मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचे कणा बनले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ह्यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळाचे अंग दिले. पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मोठे नाव एकट्या संगीतकाराचेच असे. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटातील एका गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव आहे. ते प्यारेलाल ह्यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूस वाहिलेली आदरांजली होय. अवघ्या देशाने ते नाव गाइले, पण ह्या नावाचा एक खराखुरा वादक होता हे किती जणांस ठाऊक होते? राहुलदेव बर्मन ह्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ हेही अशाच परंपरेतले. त्यांचे वादन आपण सर्वांनी ऐकले आहे. किंबहुना ऐकलेले नाही, असे म्हणणे अधिक खरे. कारण खालच्या स्वरांसाठी ध्वनिक्षेपकाचा पडदा मोठा लागतो, आणि आपण ती गाणी ऐकली ती तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर. त्या डबीतून गायिकेचा आवाज येई, बासरी येई. बेस मात्र मुंबईतच राही.

हौशी वादकांचा प्रवाह ह्याच काळात देशभर उसळला. महाविद्यालयीन तरुणांचे ‘बीट ग्रुप’ गावोगाव निघाले. एका सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील निवडक गटांच्या तबकड्या १९७० व १९७१ साली निघाल्या. त्यांत शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स अशी नावे भेटतात. ह्यांतील बहुतेक मुले पुढे नोकरीधंद्यास लागली. अपवाद म्हणून १९९० साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘इंडियन ओशन’चा उल्लेख करावा लागेल. त्याचे बेसवादक राहुल राम हे नर्मदा आंदोलनातून तेथे आले. ते गातातही, त्यामुळे बेसवादकाचा चेहरा श्रोत्यांस दिसला.

आता आपल्या घरची गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात ऑर्केस्ट्राची लाट आली होती, तिचे तुषार जमशेदपूरपर्यंत उडाले, आणि गणेशोत्सवात आपलाही वाद्यवृंद असावा असे ठरले. हवाईयन गिटार वाजविणारे दोघे होते. त्यांपैकी एकास बेसकडे वळविण्यात आले. मॅकार्टनीची कथा तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हती, पण ती येथे पुन्हा घडली. हे गृहस्थ कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. टाटानगरहून हावड्याला जाणाऱ्या गाडीत बसून ते कलकत्त्याला गेले आणि एक जुनी बेस गिटार चादरीत गुंडाळून घेऊन आले. ॲम्प्लिफायर साकचीच्या बाजारातील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने जुळवून दिला. लिओ फेंडरचा तो दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा! नव्या तारा मिळणे दुरापास्त होते. म्हणून घामाने व तेलकटपणाने तारा मंदावल्या की ते त्या उतरवून पातेल्यात उकळीत, पुसून पुन्हा चढवीत. त्या पातेल्यावरून घरात काय बोलणे होई, ते आम्ही येथे लिहीत नाही.

तालमी मंडळाच्या सभागृहात होत. कोणाची सकाळची पाळी, कोणाची दुपारची, कोणाची रात्रीची. त्यामुळे सारे वादक एकत्र असे क्वचितच भेटत. तबलजी नसला तर हातांनी टाळ्या, गायिका नसली तर आम्हीच गुणगुणत असू. बेसवाले मात्र सहसा चुकले नाहीत. “भाऊजी, तुम्ही नेमके काय वाजवता हो? आम्हांला तर काही ऐकू येत नाही,” असे महिला समितीच्या एका भगिनीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, तेच मलाही अजून शिकायचे आहे.”

त्यांचे काम आम्हां वादकांस तरी उमगले ते एका रात्री. मांडवात कार्यक्रम रंगला असता एका बाजूचा फ्यूज उडाला. दिवे राहिले, गायिकेचा मायक्रोफोन राहिला, हार्मोनिअम व तबला तर विजेचे मिंधे नव्हतेच. गाणे थांबले नाही. तरीही एकाएकी सारे पोरके वाटू लागले; गायिका मागे वळून पाहू लागली, ठेक्याची जमीन सरकल्यासारखी झाली. बेसवाले मुकी गिटार गळ्यात घेऊन उभे होते, आणि ऐकू येत नसतानाही बोटे पडद्यांवर जागच्या जागी फिरवीत होते. अंतऱ्यानंतर वीज आली आणि योग्य त्या मात्रेवर बेस पुन्हा उतरला. मांडवाने टाळ्या वाजविल्या. लोकांना वाटले, त्या विजेसाठी. आम्हांस मात्र त्या कोणासाठी हव्या होत्या ते कळले होते. खेदाची गोष्ट अशी की, त्या रात्रीनंतरच्या पत्रिकेवरही आम्ही ‘आणि साथीदार’ असेच छापले. तो मजकूर आमच्यापैकीच एकाने लिहिला होता. दोष देण्यास दुसरा कोणी नाही.

निवृत्तीनंतर ते कोकणात आपल्या गावी गेले आणि तेथेच वारले. जाताना गिटार मंडळाच्या कपाटात ठेवून गेले. दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्याच एका सभासदाच्या मुलीने ती बाहेर काढून झटकली. कानांवर हेडफोन लावून तिने सत्तरीच्या दशकातली गाणी ऐकली, आणि त्यांतील बेसच्या ओळी एकेक करून आम्हांस वाजवून दाखविल्या. जी गाणी आम्ही जन्मभर ऐकली, त्यांचा अर्धा भाग तिने आम्हांस प्रथम ऐकविला! ट्रान्झिस्टरमधून न पोचलेले टोनी वाझ आणि त्यांचे सांगाती पन्नास वर्षांनी आपल्या सभागृहात पोचले. ह्या वर्षीच्या गणेशोत्सवात बेस तीच वाजविणार आहे.

मंडळ पन्नास वर्षे टिकले ते भाषणे करणाऱ्यांमुळे जितके, तितकेच सतरंज्या घालणाऱ्यांमुळे, वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्यांमुळे आणि पाळी संपवून तालमीस येणाऱ्यांमुळे. ह्यांचे ऋण नुसत्या आभारांनी फिटत नाही. नाव घेतले तर थोडेसे फिटते. म्हणून संपादक मंडळास आम्ही एकच विनंती केली, आणि ती मान्य झाली आहे. ह्या अंकाच्या अखेरीस वाद्यवृंदाच्या आजवरच्या सर्व वादकांची यादी छापली आहे. तीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे वाद्य दिले आहे, आणि ‘आणि साथीदार’ हे शब्द कोठेही नाहीत. गायक-गायिकांनी रागावू नये. ह्या वेळेपुरती त्यांची नावे वादकांच्या खाली आहेत.